हे धुकं नव्हे

मार्चमध्ये चिखलदऱ्याला धुकं पडत नाही. हे आधी सांगून टाकतो. होळीच्या सुट्टीत पंचबोलवर गाड्यांची रांग लागते, माणसं कठड्यापाशी उभी राहतात, समोरच्या दरीत काहीतरी पांढुरकं तरंगताना दिसतं आणि मोबाईल वर होतात. ‘काय मस्त धुकं आहे!’ फोटो घरी पोचायच्या आत पंचवीस जणांना गेलेला असतो. ज्यानं पावसाळ्यातला चिखलदरा पाहिला आहे त्याची ही चूक मी समजू शकतो. जुलैत इथं शेजारी उभा असलेला माणूस दिसत नाही. पण मार्चातली हवा कोरडी ठणठणीत असते, सागाची पानं गळून पायाखाली वाजत असतात. या हवेत धुकं येणार कुठून? दरीत तरंगतो तो धूर आहे. खाली कुठंतरी मेळघाटाचं जंगल जळतं आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतो आहोत.

ओळखायला फार शिकावं लागत नाही. उन्हं चढली की धुकं विरतं आणि धूर वर येतो. रात्री थंड हवा दरीच्या तळाशी जाऊन बसते, तिच्यासोबत धूरही बसतो. दुपारी जमीन तापली की तीच हवा उचलली जाते आणि १,११८ मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यापर्यंत वास घेऊन येते. जळक्या पाल्याचा वास. एकदा नाकात बसला की पुढच्या वर्षी डोळ्यांआधी नाक सांगतं.

जुन्या पाठशाळांत तर्कशास्त्र शिकवताना शेकडो वर्षं एकच उदाहरण दिलं गेलं. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. पायथ्याशी उभ्या माणसानं वर बघून काढलेलं ते अनुमान. आता बघणारा डोळा सव्वाआठशे किलोमीटर वर गेला आहे आणि तो आधी आग बघतो, धूर नंतर. एवढी मोठी उलथापालथ झाली, तरी डोंगरावरचा वणवा विझवायची रीत मात्र हिरव्या फांदीनं झोडपण्याचीच राहिली. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. आपण डोळा आभाळात नेला, हातपाय जमिनीवर होते तसेच सोडले.

डोळ्याचं कौतुक करायलाच हवं, म्हणून आधी ते.

‘सुओमी एनपीपी’ नावाचा उपग्रह ऑक्टोबर २०११ मध्ये अवकाशात गेला. त्यावरचं ‘विअर्स’ हे उपकरण जमिनीचे ३७५ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाची उष्णता मोजतं. पेटलेलं रान पावणेचार मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीत विलक्षण तळपतं, नुसती तापलेली जमीन तितकी तळपत नाही. त्यामुळं चौकोनाचा लहानसा कोपरा पेटला तरी अख्खा चौकोन शेजाऱ्यांपेक्षा वेगळा दिसतो. त्याच्या आधीच्या पिढीतलं ‘मोडिस’ हे उपकरण एक किलोमीटरचा चौकोन बघायचं, तरी साधारण हजार चौरस मीटरची, म्हणजे दहा गुंठ्यांएवढी आग त्याच्या नजरेतून सहसा सुटत नसे. दहा गुंठे! आपल्याकडं धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, झुडपं पेटवली तरी तेवढं होतं.

धुराचं चित्र त्याहून देखणं, आणि वाचायला सोपं. धुराचे कण बारीक, बहुतेक एका मायक्रॉनहून लहान. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून उपग्रहाच्या छायाचित्रात धूर निळसर राखी दिसतो आणि वाऱ्याच्या दिशेनं शेपटीसारखा लांबत जातो. धुळीचे कण त्याच्या कित्येक पट मोठे. धूळ पिवळट, मातकट दिसते आणि एका टोकापासून निघण्याऐवजी पडद्यासारखी पसरते. धुकं शुभ्र असतं आणि दरीच्या आकाराला चिकटून असतं, कडा कात्रीनं कापल्यासारख्या. आणखी एक गंमत आहे. दोन मायक्रॉनच्या आसपासच्या किरणांना धुराचा अडथळा जवळपास होत नाही. म्हणजे त्या किरणांतून पाहिलं की धुराचा पडदा बाजूला होतो आणि खाली पेटलेली रेघ उघडी पडते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ अतिनील किरणांतून बघतो. काजळी आणि धूळ हे किरण शोषून घेतात, त्यामुळं ढगांच्या वर तरंगणारा धूरही त्याला सापडतो. जळण्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साईड तो वेगळा मोजतो.

या चित्रांना पैसे पडत नाहीत. ‘नासा’च्या ‘वर्ल्डव्ह्यू’वर आणि ‘फर्म्स’वर ती कुणालाही उघडता येतात. उपग्रह वरून गेल्यावर तीनेक तासांत लाल ठिपके नकाशावर आलेले असतात. परतवाड्यातला दहावीचा मुलगा मोबाईलवर गाविलगडाच्या आसपासचं जंगल शोधून काल तिथं काय पेटलं हे बघू शकतो. माझ्या लहानपणी हे सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

आता जे दिसत नाही ते.

पहिली अडचण घड्याळाची. ‘सुओमी एनपीपी’ आणि त्याचे भाऊबंद आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमाराला आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात. मध्ये बारा तास. दुपारी तीनला पाला पेटला आणि कोरड्या उतारावर वाऱ्यानं दोन तासांत वरचा माथा गाठून विझला, तर वरच्या डोळ्यासाठी तो वणवा झालाच नाही. पंजाबात हेच घडल्याचं २०२४ च्या शरदात समोर आलं. भाताचे खुंट जाळण्याच्या नोंदी कमी झाल्या म्हणून समाधान व्यक्त होत होतं. मग एका जागी स्थिर राहून सतत बघणाऱ्या कोरियाच्या उपग्रहाची चित्रं तपासली गेली, तेव्हा दुपारचे उपग्रह निघून गेल्यावरच्या आगी त्यांत दिसल्या. आकडा कमी झाला होता, आग तितकी कमी झाली नव्हती. मेळघाटाचे आकडे वाचणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवायला हवं.

मग आपलाही स्थिर उपग्रह वापरा, असं कुणी म्हणेल. आहेत की. ‘इन्सॅट-३डीआर’ २०१६ मध्ये गेला, ‘इन्सॅट-३डीएस’ फेब्रुवारी २०२४ मध्ये. दर अर्ध्या तासाला चित्र मिळतं. पण ते छत्तीस हजार किलोमीटरवरून बघतात आणि उष्णतेचा त्यांचा चौकोन चार किलोमीटरचा. सोळा चौरस किलोमीटरमध्ये चिखलदरा गाव बसतं आणि आजूबाजूचे सगळे पॉइंट बसतात. पाल्यातून सरपटत जाणारी आग त्यात हरवते. जवळून बघणारा दिवसातून दोनदा येतो, सतत बघणारा फार लांब बसला आहे. दोघांची सांगड घालावी लागते आणि मधली फट माणसानं भरावी लागते. दुसरा उपाय आज तरी नाही.

दुसरी अडचण नाकाची. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या सबंध हवेत मिळून किती कण आहेत ते सांगतो. तो धूर दोन किलोमीटरवर तरंगतो आहे की सेमाडोह गावात ओसरीत झोपलेल्या लेकराच्या उशाशी आहे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. त्यासाठी जमिनीवर यंत्र लागतं आणि अशी यंत्रं शहरांत बसतात. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत अमरावती आहे, अकोला आहे. चांगलं आहे. पण तो कार्यक्रम शहरांचा. वणव्याचा धूर पहिल्यांदा ज्यांच्या छातीत जातो ती माणसं कुठल्याही शहराच्या हद्दीत राहत नाहीत. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या घरात चुलीचा धूर बारा महिने असतोच, त्यावर चार महिने रानाचा. या बेरजेचा हिशेब कुणी तरी मांडायला हवा. मेळघाट म्हटलं की आपण कुपोषणावर बोलतो, बालमृत्यूंवर बोलतो, बोललंच पाहिजे. त्या लेकरांच्या श्वासावरही बोललं पाहिजे.

तिसरी अडचण सगळ्यांत साधी, आणि मला सगळ्यांत जास्त टोचते ती.

आगीचा ठिपका सापडला की पुढं काय होतं ते पाहा. उपग्रहाकडून आलेली माहिती हैदराबादजवळच्या शादनगरला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात उतरते. तिथून ती डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडं जाते. ही संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारानं वणव्यांची सूचना देते. ठिपका जंगलाच्या हद्दीत आहे का, कोणत्या राज्यातल्या, वनखात्याच्या कोणत्या रेंजमधल्या, कोणत्या बीटमध्ये, म्हणजे कोणत्या वनरक्षकाच्या हद्दीत आहे, हे तपासून ती नोंदणी केलेल्या मोबाईलवर संदेश पाठवते. आभाळातून तेलंगण, तेलंगणातून उत्तराखंड, उत्तराखंडातून मेळघाट, हा सगळा प्रवास काही तासांत होतो. मला याचा अभिमान वाटतो. आणि मग तो संदेश अशा डोंगरात पोचतो जिथं मोबाईलला रेंज नसते.

हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. त्या गावाला त्याचा उपयोग झाला असेल तर आनंदच आहे. पण हरिसाल परतवाडा-धारणी रस्त्यावर आहे. वणवा लागतो तो रस्ता सोडून दोन टेकड्या ओलांडल्यावर. तिथं वनरक्षकाच्या खिशातला फोन घड्याळ म्हणून वापरला जातो. संदेश आला तर वायरलेसवर येतो, कुणी तरी तो कार्यालयात वाचून पुढं सांगितला तर. आणि संदेशात काय असतं? अक्षांश, रेखांश. ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे चौदा हेक्टर, पस्तीस एकर. सपाट शेतात पस्तीस एकर नजरेत मावतात. मेळघाटात, नावातच घाटांचा मेळ आहे तिथं, एका चौकोनात अर्धा कडा, नाला आणि पलीकडचा उतार येतो. ठिपका सरळ रेषेत तीन किलोमीटरवर दिसतो, पायी दरी उतरून चढून जायला तीन तास लागतात. तोवर आग तिथं नसते, पुढं गेलेली असते.

हे चालणारे कोण असतात? एक वनरक्षक आणि उन्हाळ्यापुरते घेतलेले चार-सहा मजूर. बहुतेक जवळच्याच गावचे कोरकू किंवा गवळी. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून मानला जातो, तेवढेच महिने त्यांना काम. पाला उडवून रिकामी पट्टी काढायला आता ब्लोअर आले आहेत. त्यानं फार फरक पडला, हे मान्य करायला हवं. पण ब्लोअर पाठीवर घेऊन एप्रिलच्या दुपारी कडा चढणारा माणूस पाणी किती नेणार? पायात काय असतं? अंगात काय असतं? आगीच्या किती जवळ तो उभा राहतो?

एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर जळून मेले. आग आटोक्यात येत असताना वारा फिरला आणि माणसं वेढली गेली. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या बिनसरला हेच झालं. वाऱ्याची दिशा उपग्रहाच्या चित्रात धुराची शेपूट दाखवत असते. ती खाली उभ्या माणसाला कुणी सांगायची? आपल्याकडं वरचा डोळा आहे, मधला कान आहे, शेवटचं तोंड नाही. ठिपका सापडल्यावर किती मिनिटांत त्या बीटमधल्या माणसाच्या कानात आवाज पोचला, ही एक नोंद प्रत्येक रेंजमध्ये ठेवायला लावा. बाकीचे अहवाल थोडे कमी झाले तरी चालतील.

आता आग लावणाऱ्याबद्दल. मेळघाटातला वणवा आपोआप लागत नाही. आपल्या कोरड्या जंगलांतल्या जवळपास सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात, चुकून किंवा मुद्दाम. हे बोललं की शहरात लगेच बोट कोरकूंकडं जातं, आणि मला तिथं अडवायचं आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. रात्री गळतो, पहाटे वेचावा लागतो. झाडाखाली सागाच्या आणि मोहाच्या पानांचा गुडघाभर थर, त्यात पिवळी फुलं हरवतात. म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. वेचणारी बाई अंधारात टोपली घेऊन निघालेली असते, तिला जंगल जाळायचं नसतं, झाडाखालची दहा हात जागा हवी असते. वारा सुटला की दहा हातांचे दहा एकर होतात. तेंदूचं तसंच. जळलेल्या झुडपाला नवी कोवळी पानं फुटतात आणि विडीला तीच लागतात, म्हणून पानांच्या हंगामाआधी रान पेटवलं जातं. त्यामागं पानाचा भाव असतो, ठेकेदाराची घाई असते. आणि डोंगर उतरून खाली आलात की आम्ही वऱ्हाडी. धुरे जाळणारे आम्हीच. पेरणीआधी बांधावरचं गवत, झुडपं, पऱ्हाट्या पेटवून द्यायच्या आणि इस्तो विझला की नाही हे न बघता घरी यायचं. अचलपूर, अंजनगाव, चांदूर बाजार या पट्ट्यात उन्हाळ्यात संत्र्याच्या बागा अशाच धुऱ्यावरच्या आगीनं जातात. आपला धुरा, शेजाऱ्याची बाग. जंगलाच्या कडेचं शेत असेल तर पुढचं जंगल. चिखलदऱ्याच्या घाटात चालत्या गाडीतून सिगारेटचं थोटूक फेकणाऱ्याचाही या यादीत माझ्या लेखी समान वाटा आहे.

लाल ठिपक्यात यातलं काहीच दिसत नाही. उपग्रह कुठं पेटलं ते सांगतो, कोणी आणि का, ते सांगत नाही. शिवाय वनखातं हिवाळा संपताना जाळरेषा जाळतं, आग पसरू नये म्हणून पट्टे आधीच जाळून रिकामे करतं. ती चांगल्या हेतूनं लावलेली आग उपग्रहाला वणव्यासारखीच लाल दिसते. एकच मोठा वणवा चार चौकोनांत पसरला आणि दुपारी-रात्री दोनदा दिसला तर त्याचे आठ ठिपके होतात. देशात नोव्हेंबर २०२१ ते जून २०२२ या हंगामात असे २,२३,३३३ ठिपके नोंदले गेले, पुढच्या हंगामात २,१२,२४९, त्यापुढच्या म्हणजे २०२३-२४ च्या हंगामात २,०३,५४४. उतरता क्रम आहे, बरं वाटतं. पण हे ठिपके आहेत, वणवे नव्हेत, आणि जळालेले हेक्टर तर नव्हेतच. जळालेलं क्षेत्र मोजायला वेगळं चित्र आहे. ‘सेंटिनेल-२’ दहा मीटरच्या चौकोनातून बघतो, दर पाच दिवसांनी परत येतो आणि रान जळून गेल्यावर उरलेला काळा डाग स्पष्ट दाखवतो. आपल्या ‘रिसोर्ससॅट’चीही चित्रं आहेत. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, म्हणजे ही चित्रं वाचणारी माणसंही विदर्भातच आहेत. दर जूनमध्ये मेळघाटाचा काळ्या डागांचा नकाशा, बीटवार, मराठीत, जनतेसमोर ठेवा. कुठला डोंगर सलग तीन वर्षं जळला हे एका नजरेत कळेल. तिथं माणसं आधी पाठवता येतील. तिथल्या गावाशी आधी बोलता येईल.

सलग जळणाऱ्या डोंगराचं काय होतं ते उभ्या झाडांकडं पाहून कळत नाही. साग मरत नाही, साल काळी करून उभा राहतो, म्हणून पर्यटकाला वाटतं जंगल शाबूत आहे. खाली बघा. दोन वर्षांची रोपं नाहीत. पाला कुजून व्हायची ती माती नाही. पहिल्या मिरगाच्या पावसात राख आणि वरची माती वाहून सिपना नदीत जाते. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी गेले, सरपटणारे गेले. पोकळ झालेली जुनी झाडं आतून पेटतात आणि कोसळतात. त्याच ढोलीत रानपिंगळा घर करतो. १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडला आणि पुढं मेळघाट त्याचं मोठं आश्रयस्थान ठरलं. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला हा एक, १९७४ चा. इथं जळतो तो सगळा पालापाचोळा आहे असं कुणी समजू नये.

धुळीबद्दल दोन शब्द, कारण ती आणि धूर एकाच चित्रात येतात. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईकर उठले तेव्हा शहर मातकट झालं होतं, गाड्यांवर पांढरी भुकटी बसली होती, दिवसा हुडहुडी भरली. तो पडदा कराचीच्या बाजूनं अरबी समुद्रावरून येताना उपग्रहांनी आधीच टिपला होता. एवढ्या लांबून धूळ येते, तर मेळघाटाचा धूर अमरावती-अकोल्याला आणि बैतूल-बऱ्हाणपूरच्या रानाचा धूर मेळघाटात येत असणार हे समजायला फार बुद्धी लागत नाही. एप्रिलमध्ये अकोल्यात आभाळ गढूळ दिसतं तेव्हा आपण ‘फुफाटा आहे’ म्हणून दार लावतो. त्यात उन्हाळवाहीची माती किती, रस्त्यांच्या कामाची धूळ किती, पऱ्हाट्यांचा धूर किती आणि मेळघाट किती? हे वेगळं काढायची साधनं आहेत. विद्यापीठातल्या भूगोलाच्या आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा. चित्रं फुकट आहेत, प्रश्न दाराशी आहे.

उपाय आभाळात नाहीत, हे मला पायविहीरकडं पाहून वाटतं. परतवाड्याजवळचं हे गाव. २०१२ मध्ये ग्रामसभेला १९२ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडी गावानं राखली, लावली, तिच्यावर पाळत ठेवली. सीताफळं, तेंदू यांतून गावाला उत्पन्न मिळू लागलं आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं दिलेला जैवविविधतेचा पुरस्कार या गावाला मिळाला. भारतीय वन कायदा १९२७ सालचा. त्याचं कलम ७९ सांगतं की ज्याला जंगलातून काही घ्यायचा हक्क आहे त्यानं आग विझवायला मदत केलीच पाहिजे. जवळपास शंभर वर्षं हे कलम पुस्तकात आहे. ज्या गावाला टेकडी आपली वाटते ते गाव कलम न वाचता धावतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक ग्रामसभेत फेब्रुवारीच्या सुरुवातीला मागच्या पाच वर्षांचे ठिपके आणि काळे डाग नकाशावर छापून लावा. लोक नकाशा वाचतील, स्वतःच्या नाल्यांची नावं त्यावर लिहितील आणि डेहराडूनला न दिसलेल्या आगीही दाखवतील. मोहाखाली बांधायच्या जाळ्या हंगामाआधी द्या. फूल जाळीत पडलं की पाला जाळायचं कारण उरत नाही, मालही स्वच्छ येतो. गावातली मुलं वणव्याच्या महिन्यांत कामावर घेतलीत तर मजुरी त्या महिन्यांतच हातात द्या. बूट द्या. विमा द्या. होळीला मेळघाटात सगळी माणसं बाहेरगावच्या कामावरून घरी परततात, पाच दिवस गाव भरलेलं असतं, मेघनाथ बसतो, फगवा मागतात. वणव्याबद्दल कोरकूंशी कोरकूत बोलायचं असेल तर वर्षात यापेक्षा चांगला आठवडा नाही. त्या आठवड्यात खात्याची माणसं गावात बसलेली दिसली पाहिजेत.

आणि खालच्या आम्हा मंडळींनी धुरा पेटवायचं थांबवावं. पेटवलाच तर विझेपर्यंत तिथून हलू नये. पाण्याची एक कॅन सोबत न्यायला काही खर्च येत नाही.

वाचकहो, भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर वणव्याच्या सूचनांसाठी नाव नोंदवता येतं, त्यासाठी वनखात्यात नोकरी असावी लागत नाही. चिखलदरा, धारणी, अचलपूर, अकोट, तेल्हारा, यांतला आपला तालुका निवडा. पंचबोलवर किंवा देवी पॉइंटवर उभे असाल आणि दरीतून धूर उठताना दिसला तर फोटो काढण्याआधी फोन लावा. दुपारी दीड ते रात्री दीड या बारा तासांत तुमचाच डोळा तिथं आहे. महाराष्ट्र वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे.